वळवातलं ऊन

बदलापुरात नवीन आलेल्या माणसाला दिशा समजायला वेळ लागतो. रेल्वे ज्याला पश्चिम म्हणते, त्या बाजूला खरं तर सूर्य उगवतो. उल्हास नदी, बारवी धरणाचा रस्ता, मुरबाडकडचे डोंगर, सगळं तिकडेच. मी उल्हासनगरच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि मुलांना हे उदाहरण दरवर्षी देते. पाटीवर लिहिलंय म्हणून मानू नका, बाहेर जाऊन बघा, असं सांगते.

सोनिवलीच्या रस्त्याला आमची जुनी बिल्डिंग होती. चार मजले, लिफ्ट नाही, एकच जिना. पप्पांनी घर घेतलं तेव्हा समोर भाताची खाचरं होती. आम्ही सगळ्यात वर राहायचो, त्यामुळे मे महिन्यात छत तापून घराची भट्टी व्हायची, पण गच्ची मात्र आमचीच असल्यासारखी होती. तिथून नदीकाठची झाडं दिसत आणि त्यांच्यामागे डोंगर. एप्रिल संपता संपता दुपारी त्या डोंगरांवर ढग उभे राहायला लागत. खाली सपाट, वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. आमच्याकडे वळीव समुद्राकडून येत नाही. तो घाटाकडून येतो, मुरबाडवरून, नदी ओलांडून. आणि येताना दिसतो.

पप्पा तो यायची वाट बघत. दर उन्हाळ्यात दुपारचं जेवण झालं की प्लास्टिकची खुर्ची उचलून गच्चीवर जायचे आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोंगरांकडे तोंड करून बसायचे. जूनमध्ये खरा पावसाळा लागला की खुर्ची घरात यायची. पावसाळ्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

यंदाचा उन्हाळा त्या बिल्डिंगचा शेवटचा होता. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. एकेक बिऱ्हाड उतरत गेलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या इंदुबाईसुद्धा, ज्यांना आम्ही लहानपणापासून मावशी म्हणतो, त्या सोनिवलीतल्या नवीन कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहायला गेल्या. राहिले एकटे पप्पा. जिन्यातले बल्ब लोकांनी काढून नेले होते. काही घरांना तर दारंच उरली नव्हती, नुसत्या चौकटी. मी अंबरनाथजवळ पालेगावला वरच्या मजल्यावर एक वन-बीएचके घेतलं होतं, तिथे एकटीच राहत होते. मस्कतहून प्रमोददादाचा फोन रोज यायचा की पप्पांना लवकर ने. पप्पा कशालाच नाही म्हणत नव्हते. फक्त म्हणाले, वळीव एकदा होऊन जाऊ दे, मग चल म्हणशील तिकडे येतो.

कॉलेजला सुट्टी होती. बुद्धपौर्णिमेची खीर डब्यात घेऊन मी तिकडे गेले आणि सामान बांधायला म्हणून तिथेच राहिले.

आता आईचं सांगायला हवं.

मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, त्या मे महिन्यातली गोष्ट. आईने गहू भिजत घातले होते, वाटून चीक काढला होता, पहाटे उठून तो शिजवला होता. सकाळी तिने आणि इंदुबाईंनी मिळून गच्चीवर जुन्या पांढऱ्या धोतरावर कुरडया घातल्या. चार कोपऱ्यांना चार दगड. मी अंबरनाथला मैत्रिणीकडे होते. दुपारनंतर डोंगरांकडून अंधारून आलं. त्या दिवशीचं वादळ बदलापुरात पुष्कळांना आठवतं. आभाळ आधी हळदीसारखं पिवळं झालं, मग शेणासारखं. कारखान्यांवरचे पत्रे उडाले, स्टेशनबाहेरचं पिंपळाचं झाड रिक्षांवर पडलं, आणि लिंबाएवढ्या गारा पडल्या.

पहिला वारा सुटताच आई कुरडया काढायला वर धावली. पप्पांना त्या दिवशी सुट्टी होती, तेही मागोमाग गेले. त्यांच्या मागे इंदुबाई, स्वतःच्या मिरच्या उचलायला. पप्पा गच्चीच्या दारात होते, इंदुबाई जिन्यात, दोन पायऱ्या खाली. आई समोर वाकलेली होती. धुळीचा लोट आला, पप्पांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गारा सुरू झाल्या होत्या आणि गच्ची रिकामी होती. आई नाही, धोतर नाही, दगडही नाहीत.

खाली चारी बाजूंनी बघून झालं. टाकीत बघितलं, नाल्यात बघितलं, नदीपर्यंत माणसं गेली. पोलिसांत तक्रार झाली, पेपरात फोटो आला. सरस्वती, वय, उंची, अंगावर हिरवी सुती साडी. नातेवाईक बोलायचं ते बोलले. एका मामाने कुठल्याशा भगताचं नाव काढलं तेव्हा पप्पांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. आमच्या घरात भूतखेत, अंगारे-धुपारे कधीच चालले नाहीत. पप्पा त्या बाबतीत फार कडक.

पण त्यांच्या सांगण्यात एक वाक्य होतं, ते कधी बदललं नाही. पोलिसांनाही सांगितलं, आम्हालाही.

"ती कुरडया गोळा करत नव्हती. घालत होती."

मी पुढे शिकले, शिकवायला लागले, तेव्हा स्वतःला समजावलं की धक्क्यात माणसाची आठवण गोंधळते. सकाळचं दृश्य आणि दुपारचं दृश्य एकात एक मिसळतं. हे मला आजही पटतं. बाकीचं पटत नाही.

मी राहायला गेल्यावर दोनतीन दिवसांत पहिला ढग आला. मोठा नव्हता. मुरबाडवर गडगडला, आमच्याकडे नुसत्या टपोऱ्या सरी टाकून निघून गेला. पप्पा खाली येईनात म्हणून मी वर गेले. गच्ची भिजून काळी झाली होती. टाकीपासून थोड्या अंतरावर मध्येच एक चौकोन कोरडा होता, फिकट सिमेंटच्या रंगाचा. कडा सरळ, कोणी कापून ठेवल्यासारख्या.

मी विचारलं, इथे ताडपत्री होती का. पप्पा नाही म्हणाले. मी म्हटलं, मग स्लॅबला उंचवटा असेल, खालून बीम जात असेल. असेल, म्हणाले. मी वाकून हात लावला आणि पटकन उचलला. फरशी पोळत होती. हाताएवढ्या अंतरावर ओली जमीन थंडगार होती.

जिना उतरताना पप्पांनी सांगितलं, अगदी साधेपणाने, दूधवाला आज उशिरा आला म्हणावं तसं. आई गेली त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्यांदा दिसलं होतं. तळहाताएवढं. फक्त वळवातच दिसतं, पावसाळ्यात नाही. एखाद्या वर्षी दिसतच नाही. पण दिसतं तेव्हा आधीपेक्षा मोठं असतं.

मी विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाही.

"तू मोजत बसली असतीस," ते म्हणाले.

मी मोजलंच. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला जाऊन कॉलेजच्या लॅबमधून थर्मामीटर आणला. उरलेल्या घरांच्या चाव्या घेऊन गच्चीखालच्या खोल्यांची छतं तपासली, वायर नाही, पाइप नाही. गच्चीवरची ती जागा एरवी इतर जागेसारखीच तापत होती आणि संध्याकाळी इतर जागेसारखीच निवत होती. मला बरं वाटलं. पुढचा ढग येईपर्यंत बरं वाटत राहिलं.

तो आला तेव्हा चांगला अर्धा तास पाऊस झाला. वीज नदीपलीकडे पडत होती. पप्पा आणि मी गच्चीच्या दारात उभे होतो. पाऊस सगळीकडे पडत होता आणि त्या चौकोनावर पडत नव्हता. चौकोन आता एखाद्या धोतराच्या घडीपेक्षा मोठा होता. वरून काही आड आलं नव्हतं. थेंब तिथे पोचत नव्हते, एवढंच. पाऊस ओसरला तशी मी पुढे गेले, थर्मामीटर ठेवला. पारा भर दुपारच्या आकड्यावर चढला. मग वास आला. शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा, किंचित आंबूस. ज्या घरात कुरडया होतात तिथे तो वास दिवसभर राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये चूल पेटेल असं एकच घर होतं आणि त्यात सकाळी मी पोहे केले होते.

चौकोनाच्या कडेला एक कुरडई होती. ओली, नुकती सोऱ्यातून पाडलेली.

मी ती उलथन्याने उचलून घरात आणली आणि ताटलीत ठेवली. कशाला आणली ते सांगता येणार नाही. बहुधा पुरावा म्हणून. मे महिन्यात बदलापुरात खिडकीत ठेवलेला चिंब टॉवेल तासाभरात कडक होतो. कुरडई संध्याकाळी ओली होती. दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवली, तरी दुपारपर्यंत तशीच, चकाकत. मुंगी लागली नाही, आंबली नाही.

मी आंघोळीहून आले तेव्हा ताटली रिकामी होती आणि पप्पा हात पुसत होते.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले. "तिच्या हाताला मीठ कमीच."

त्यांनी आईबद्दल वर्तमानकाळात बोललेलं मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. जेवण कमी झालेला, एकट्याने राहून राहून आवाज हळू झालेला माझा बाप त्या दिवशी लग्नघरातल्या माणसासारखा दिसत होता. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मला भीती वाटली ती कुरडईची नाही, त्या शर्टाची.

त्याच संध्याकाळी मी प्रमोददादाला फोन केला. गच्चीचं काही बोलले नाही, फक्त पप्पांची तब्येत ठीक वाटत नाही, उद्याच हलवते, असं सांगितलं. तसंही दुसऱ्या दिवशी बिल्डरची माणसं लाईट आणि पाणी तोडायला येणार होती. टेम्पो ठरवला. पप्पांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

टेम्पोवाला सकाळी येतो म्हणाला आणि दुपारपर्यंत आला नाही. लाईट मात्र वेळेवर तोडली गेली. सामान दारात बांधून ठेवलं होतं. घरात पंखा नाही, हवा हलत नव्हती. मोबाइलवर रडारचं चित्र उघडलं तर मुरबाडवर लाल डाग होता, मध्ये जांभळा. तो आमच्याकडे सरकत होता. खिडकीतून बघितलं. डोंगर दिसत नव्हते. नदीकाठची झाडं दिसत होती आणि त्यांच्यामागे आभाळ हळदीसारखं पिवळं झालं होतं.

पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते.

मी दाराला आतून कडी घातली आणि तिच्यापुढे उभी राहिले. ते रागावले नाहीत. कधीच रागावायचे नाहीत. म्हणाले, गच्चीवर काय आहे ते तुझ्यासारखंच मलाही माहीत नाही. भूत नाही, एवढं माहीत आहे. भूतबित काही नसतं.

"मग कशाला जायचं, पप्पा?"

"प्रीती, मला पाऊस बघायचा नाही. मला ते ऊन बघायचंय."

बाहेर वारा सुटला. रिकाम्या घरांची उघडी दारं खालपासून वरपर्यंत आपटायला लागली. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि कडी काढली. मी काढू दिली. मात्र त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि तसंच धरून त्यांच्यासोबत वर गेले. त्यांना एकट्याने जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

गच्चीचं दार वाऱ्याने बिजागरीतून निखळून लोंबत होतं. आभाळ इतकं खाली आलं होतं की टाकी त्याला टेकल्यासारखी वाटत होती. दुपार असून हाताची नखं दिसत नव्हती. पाऊस अजून सुरू झाला नव्हता.

समोर ऊन पडलं होतं.

मी उजेड म्हणत नाही, ऊन म्हणते. पांढरं, मे महिन्यातलं, डोळ्यांना टोचणारं. चौकोनापुरतं. त्याच्या बाहेर काळोख, आत जुनं पांढरं धोतर, चार कोपऱ्यांना चार दगड, आणि त्यावर ओळीने कुरडया. वारा आमचे कपडे ओरबाडत होता. धोतराचा काठही हलत नव्हता.

आई नव्हती. मी नीट बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

पण धोतरावर एक सावली होती. उकिडव्या बसलेल्या बाईची. सावलीचा हात पुढे जात होता, गोल फिरत होता, मागे येत होता. आणि जिथे तो फिरत होता तिथे एक नवी कुरडई होती.

मी पप्पांचं मनगट आणखी घट्ट धरलं.

त्यांनी पाय पुढे टाकला. ऊन त्यांच्या चपलेवर आलं, मग पॅंटवर, मग शर्टावर. त्यांचीही सावली पडली, पायाशी, छोटी. माझा हात मनगटापर्यंत उन्हात गेला होता आणि भाजत होता. मी सोडला नाही.

सावलीचा हात थांबला.

ती जराशी बाजूला सरकली, शेजारी कोणी पाट मांडला की आपण सरकतो तशी. जागा करून दिली.

पप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा. तुला भिजायला होईल."

मग धुळीचा लोट आला.

मी डोळे मिटले. मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं, तरी मिटले. माझ्या मुठीत त्यांचं मनगट होतं. ते कोणी ओढलं नाही, त्याला हिसका बसला नाही. ते हळूहळू गरम होत गेलं, उन्हात ठेवलेल्या लोखंडासारखं, आणि मग मूठ मिटली.

गारा लागल्या तेव्हा डोळे उघडले. गच्ची सगळी ओली होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुठेही कोरडी जागा नव्हती.

पोलिसांना मी सांगितलं की वारा होता, डोळ्यांत धूळ गेली, उघडले तेव्हा ते नव्हते. ऐकणाऱ्या हवालदाराने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. पूर्वी अशीच कुठली तरी केस याच भागात झाली होती असं तो सोबतच्याला म्हणाला. त्यांनी खाली बघितलं, नाल्यात बघितलं, नदीत बोट घातली. प्रमोददादा आला, पंधरवडाभर राहिला, माझ्याशी फार बोलला नाही, परत गेला. माझ्या उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत काळवंडून सोलली. डॉक्टर म्हणाले, उन्हात फार वेळ काम केलं का. मी हो म्हटलं.

पावसाळ्यानंतर बिल्डिंग पाडली. मी बघायला गेले नाही.

आता पुन्हा मे आहे. पालेगावच्या माझ्या गॅलरीतून बदलापूरकडचं आभाळ दिसतं, मलंगगडाचा सुळका मागच्या बाजूला राहतो. दुपारी जेवण झालं की मी गॅलरीत बसते. रडार बघायची गरज पडत नाही. हवा थांबली की समजतं. खाली नवीन टॉवरांची कामं चालू असतात, क्रेन वळत असतात. वरती माझ्याशिवाय या मजल्यावर अजून कोणी राहायला आलेलं नाही.

परवा इंदुबाई भेटायला आल्या. वर्षभरात पहिल्यांदा. द्रोण भरून करवंदं आणली होती. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, त्यांच्या गुडघ्यांचं, नवीन सोसायटीतल्या पाण्याचं. आई-पप्पांचा विषय दोघींनीही काढला नाही. बोलता बोलता अंधारून आलं, लाईट गेली, आणि आम्ही दोघी उठून गॅलरीत उभ्या राहिलो. बदलापूरकडे आभाळ नुसतं काळं झालं होतं. कुठे उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. क्रेनवाला खाली उतरत होता.

इंदुबाई काहीतरी सांगत होत्या, त्या मध्येच थांबल्या. मी वळून बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खाली बघत होत्या. मग एक पाऊल मागे सरकल्या आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"मी निघते, प्रीती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. करवंदांचा द्रोण तिथेच राहिला.

मी खाली पाहिलं. त्या उभ्या होत्या तिथे फरशी करडी होती, रेलिंगखाली करडी होती, सगळी गॅलरी एकसारखी करडी होती. माझ्या पायाशी माझी सावली पडली होती. काळी, कडा धारदार, भर दुपारी पडते तेवढी आखूड.